कोंबडीला सगळं चालतं, असं कोण म्हणतं?



२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडच्या धायरी, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला या पट्ट्यात गुइलेन बॅरे नावाचा आजार आला. माणसांच्या हातापायातली ताकद गेली, काहींना श्वासही घेता येईना. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. हा जंतू घाण पाण्यातून येतो, तसा अर्धकच्च्या कोंबडीतूनही येतो. झालं! बोट लगेच कोंबडीकडे वळलं. धायरी २०१७ साली महानगरपालिकेत घेतली. हद्द आली, पण शुद्ध पाणी किती घरांत आलं, या प्रश्नाबरोबरच कोंबड्या माराव्या लागणार का, ही चर्चा सुरू झाली. शेवटी फेब्रुवारीत सरकारलाच सांगावं लागलं, की कोंबड्या मारायची गरज नाही, मांस नीट शिजवून खा.

हे नवं नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, लाखो कोंबड्या मारल्या. तिथं रोग खरा होता. पण भाव कोसळला तो सगळीकडे. जिच्या खुराड्यात रोगाचा मागमूस नव्हता, तिच्याही अंड्याला गिऱ्हाईक राहिलं नाही. कोंबडी मारायची की ठेवायची, एवढंच शहराला ठाऊक. ती खाते काय, पिते काय, हे कोणी विचारत नाही.

खरं सांगायचं तर आपणही विचारत नाही. भाकरीला बुरशी आली? टाक कोंबडीला. ज्वारी काळी पडली? टाक कोंबडीला. बियाणं उरलं? टाक कोंबडीला. 'तिला काय, सगळं चालतं!' भावांनो, अडतीवर व्यापारी आपल्याबद्दल हेच म्हणतो. 'शेतकरी आहे, त्याला काय, कुठलाही भाव चालतो!' ते आपल्याला झोंबतं. मग आपल्या दारातल्या मुक्या जिवाला तोच न्याय का?

आपल्या कोरडवाहू घरात कोंबडीचा घात करणाऱ्या तीन वस्तू हाताशीच असतात.

पहिली, औषध लावलेलं बियाणं. पेरणी झाली, की रिकामी पिशवी अंगणात झटकायची. रंगीत दाणे कोंबडी टिपते. ते विष आहे. धुतलं तरी ते खाण्याजोगं होत नाही. उरलेलं बियाणं कुलपात ठेवा, पिशवी शेतातच झटकून पुरा.

दुसरी, पावसात सापडलेली काळी ज्वारी आणि बुरशीची पेंड. १९६० साली इंग्लंडात एक लाखाच्या वर टर्की पक्षी मेले. कारण निघालं ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतली बुरशी. तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, शिजवून जात नाही, उन्हात वाळवूनही जात नाही. ते यकृत खातं, आणि थोडं अंड्यातही उतरतं. म्हणजे नासका दाणा फिरून आपल्या पोराच्या ताटात.

तिसरी, सरकी. बैलाला ढेप चालते म्हणून कोंबडीला चालत नाही. सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात त्याचा जोर बराच मरतो, कोंबडीच्या पोटात मरत नाही. अंडी कमी होतात, ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. मग गिऱ्हाईक अंडं परत आणतं आणि आपण कोंबडीला शिव्या देतो.

याखेरीज एरंडीच्या बिया, कच्चं सोयाबीन, हिरवे पडलेले बटाटे, लोणचं-फरसाणासारखं खारट आणि सडकं मांस खुराड्याच्या आसपासही नको. हॉटेलातलं उष्टं फुकट मिळतं म्हणून आणू नका. तिखट-मीठ-तेलानं भरलेलं, वर आंबलेलं, ते कोंबडीचं खाद्य नव्हे.

मग घालायचं काय? आपलीच स्वच्छ पांढरी ज्वारी घाला, कण्या घाला. पण नुसत्या ज्वारीवर भागत नाही. ज्वारीत शेकडा दहाच्या आसपास प्रथिनं, अंड्यावरच्या कोंबडीला सोळा-सतरा लागतात. ती तूट तुरीच्या चुणीनं, भाजून भरडलेल्या सोयाबीननं, शेवग्याच्या पाल्यानं, बांधावरच्या वाळवीनं भरून काढा. रोज अंडं घालणाऱ्या कोंबडीला दिवसाला चार ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. शिंपल्याचा चुरा द्या, नाही तर अंड्याची टरफलं भाजून बारीक करून द्या. आणि पाणी रोज ताजं, भांडं रोज घासलेलं. धायरीकडच्या साथीत ज्या जंतूचं नाव निघालं, तो कोंबडीच्या पोटात तिला आजारी न पाडता राहतो आणि विष्ठेनं घाण झालेल्या पाण्यातून एकीची दुसरीला देणगी जाते. म्हणून पाण्यात विष्ठा पडू देऊ नका, खुराडं विहिरीपासून लांब ठेवा.

कापसाचा पैसा येतो तसा सावकाराकडे, दुकानदाराकडे जातो. अंड्याचा पैसा घरच्या बाईच्या हातात राहतो. मीठ-मिरची, पोराची वही त्यातून होते. हा तिचा धंदा आहे, उकिरडा नव्हे.

म्हणून या सभेत दोन मागण्या मांडा. योजनेतून पिल्लं वाटता, तर खाद्याची माहिती मराठीत छापून त्यांच्याबरोबर द्या. औषध लावलेल्या बियाण्याच्या पिशवीवर 'विष आहे, कोंबडीला घालू नये' असं मोठ्या मराठी अक्षरांत लिहा. सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. आपल्या अंगणातला कायदा मात्र आजच करता येतो: जे माणसानं खाऊ नये म्हणून फेकलं, ते कोंबडीपुढे फेकायचं नाही.