‘नंतर बघू’चं वेळापत्रक

स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘स्कॅन बाकी आहे’ किंवा ‘अपडेट आलंय’ असा मेसेज दिसला की तुम्ही काय करता? खरं सांगा. आपल्यातले बहुतेक जण ‘रिमाइंड मी लेटर’ दाबतात आणि कामाला लागतात. एकट्याच्या लॅपटॉपवर हे बरेच दिवस खपूनही जातं. पण वर्ष-दोन वर्षांत तुमच्यापैकी अनेक जण अशा ऑफिसात बसतील, जिथे शेकडो कम्प्युटर एकाच नेटवर्कवर असतात. तिथे एकाचं ‘नंतर’ सगळ्यांना महागात पडू शकतं.

हा विषय आत्ता काढायचं कारणही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. ज्यांनी वाढीव मुदत घेतलेली नाही, अशा मशीनना आता नवीन सुरक्षा अपडेट्स मिळत नाहीत. त्यामुळे प्रत्येक ऑफिस, बँक, कॉलेजच्या लॅबसमोर एक साधा प्रश्न आहे: आपल्याकडे अशी मशीन किती, आणि ती शेवटची कधी तपासली?

तपासणी, म्हणजे स्कॅन, ढोबळमानाने दोन प्रकारचं असतं. पहिल्यात व्हायरस आत शिरलाय का ते बघतात. दुसऱ्यात दारं-खिडक्या नीट बंद आहेत का, म्हणजे कुठलं सॉफ्टवेअर जुनं राहिलंय ते बघतात. दोन्हींची गरज सगळ्यांना पटते. भांडण होतं ते वेळेवरून.

दुपारी स्कॅन लावलं तर मशीन रखडतं आणि लोक आयटीवाल्यांच्या नावाने खडे फोडतात. रात्री दोनला लावलं तर निम्मे लॅपटॉप बंद होऊन कुणाच्या तरी बॅगेत पडलेले असतात. शिवाय प्रत्येक ठिकाणची ‘रात्र’ वेगळी. सध्या मी वर्तमानपत्रात इंटर्न आहे. इथे पानं लागायची धावपळ रात्रीच असते. हॉस्पिटलला तर रात्र नसतेच. मग सुरू होतात सवलती. अकाउंट्सला मार्चएंडपर्यंत नको, साहेबांच्या लॅपटॉपला तर कधीच नको. या सवलतींची यादी वाढत जाते आणि नेमकी तीच मशीन कुणी तपासत नाही.

याची किंमत काय असते? १२ मे २०१७ला ‘वॉनाक्राय’ नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं. ज्या फटीतून ते शिरलं, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. हातात जवळपास दोन महिने होते. तरीही ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, इंग्लंडमधल्या २३६पैकी किमान ८१ ट्रस्टना फटका बसला. सुमारे १९ हजार अपॉइंटमेंट्स रद्द झाल्याचा अंदाज आहे. यात शस्त्रक्रियाही होत्या. अपडेट करा अशा सूचना मार्च-एप्रिलमध्ये गेल्या होत्या. सूचना पोचली, काम झालं नाही.

बरं, स्कॅन केलं की सुटलो, असंही नाही. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या कंपनीची गोष्ट बघा. लोकांच्या कर्जफेडीचा हिशेब ठेवणारी ही कंपनी. मार्च २०१७मध्ये ‘अपाचे स्ट्रट्स’ या सॉफ्टवेअरमधल्या दोषाची सूचना आली. १५ मार्चला कंपनीने स्कॅन केलं. त्यात काहीच सापडलं नाही, कारण दोष असलेली जागा त्या स्कॅनच्या टप्प्यात आलीच नाही. मे महिन्यात चोर त्याच दोषातून आत शिरले आणि जुलैअखेरपर्यंत आतच होते. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. म्हणजे रिपोर्टवर हिरवी खूण होती आणि दार उघडं होतं.

आपल्या दाराशीही हे येऊन गेलंय. जून २०१७मध्ये युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ पसरला. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या समूहाच्या न्हावा-शेवा इथल्या टर्मिनलचं कामही कोलमडलं. मर्स्कला दहा दिवसांत ४५ हजार कम्प्युटर आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. नॉटपेट्याची खोड अशी, की तो एका मशीनमध्ये घुसला की तिथले पासवर्ड चोरून अपडेट केलेल्या मशीनमध्येही जायचा. मी माझं केलंय, बाकीच्यांचं बाकीचे बघतील, हा हिशेब तिथे चालला नाही.

मग सगळ्या मशीनवर सगळं एकदमच करून टाकायचं का? तेही नाही. १९ जुलै २०२४ आठवतो ना? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट एकाच वेळी सगळीकडे गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यानंतर त्या कंपनीनेही अपडेट टप्प्याटप्प्याने सोडायचं ठरवलं.

स्कॅनच्या वेळापत्रकाचंही सूत्र हेच. मशीनचे गट पाडायचे. आधी थोड्या मशीनवर करून बघायचं, मग बाकीच्यांवर. रोज छोटं स्कॅन, पूर्ण स्कॅन अधूनमधून, तेही मशीन रिकामं असताना. प्रोसेसर किती वापरायचा याला मर्यादा घालायची. सगळ्यांची वेळ एकच न ठेवता मागेपुढे करायची, म्हणजे नेटवर्कवर एकदम ताण येत नाही. रात्री बंद असलेलं मशीन सकाळी सुरू झालं की राहिलेलं स्कॅन तेव्हा उरकायचं. या बहुतेक सोयी नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात. कुणीतरी बसून त्या लावायच्या असतात, इतकंच.

आणि रिपोर्ट बघताना ‘किती मशीन तपासली’ या आकड्यावर समाधान मानू नये. ‘किती राहिली आणि का’ हे विचारावं. पाचशेपैकी ४७० झाली हे ऐकायला भारी वाटतं, पण चोराला उरलेल्या तिसांपैकी एकच पुरतं.

यात आपण काय करणार, असं तुम्ही म्हणाल. सुरुवात कॉलेजच्या लॅबपासून करा. पेन ड्राइव्ह लावण्याआधी लॅब असिस्टंटना विचारा: ‘सर, या मशीनवर कुठलं विंडोज आहे? स्कॅन कधी झालं होतं? सुटलेल्या मशीनची यादी कुणाकडे असते?’ पहिल्या नोकरीतही हेच तीन प्रश्न विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर त्या ऑफिसात वेळापत्रक अजून बनायचंय असं समजा. आणि ते बनलं, की दुपारी पंधरा मिनिटं मशीन रखडलं म्हणून आयटीवाल्यांना लगेच फोन लावू नका.