पेलवत नव्हती, म्हणून विकली

"का रे विकलीस? पेलवत नव्हती का?"

जड गाडी विकून सेकंडहँड ॲव्हेंजर घेतल्यापासून हा प्रश्न मला पार्किंगमध्ये, कॅन्टीनमध्ये आणि एकदा तर लिफ्टमध्ये (सोबत क्लायंट!) विचारला गेलाय. विचारणारा नेहमी पुरुष आणि नेहमी हसत. सुरुवातीला मी काहीतरी थातुरमातुर सांगायचो, मेंटेनन्स फार येतो वगैरे. आता खरं सांगायचं ठरवलंय. हो, पेलवत नव्हती. आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांनाही पेलवत नाहीये, तुम्ही अजून पडला नाहीत इतकंच.

बरेच दिवस डोक्यात साठलंय, या वीकेंडला लिहूनच टाकतो.

आधी माझा स्वतःचा गाढवपणा. माझी उंची पाच फूट पाच इंच, वजन साठच्या आत. घर कोथरूडला, ऑफिस हिंजवडी फेज २, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. एवढी माहिती कुठल्याही शहाण्या माणसाला दिली असती तर त्याने हलकी, बुटकी गाडी सांगितली असती. मी विचारलं टीममधल्या मित्रांना. २०२३ मध्ये हप्त्यांवर घेतली साडेतीनशे सीसीची, एकशे नव्वद किलोच्या आसपासची मोटरसायकल, ऑन-रोड सव्वादोन लाख. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, गाडीत खोट काही नव्हती. खोट गिऱ्हाइकात होती. कारण विचाराल तर लडाख! लडाखला जायचं तर "खरी" गाडी हवी, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. चौदा महिने गाडी माझ्याकडे होती. त्यात ताम्हिणी दोनदा, लोणावळा एकदा आणि हिंजवडी जवळजवळ तीनशे वेळा. लडाखचं तुम्हाला कळलंच असेल.

आता हिंजवडीचं बघू. एका मंगळवारी सकाळी मी एक प्रयोग केला. चांदणी चौक ओलांडल्यापासून ऑफिसच्या गेटपर्यंत किती वेळा पाय जमिनीला टेकतो ते मोजलं. वाकड ओलांडेपर्यंत एकाहत्तर झाले, पुढे आकडा चुकला. म्हणजे ज्याला आपण "राइड" म्हणतो ते खरं तर गाडीवर बसून चालणं असतं. दहा फूट पुढे, पाय खाली, क्लच, पुन्हा दहा फूट. या खेळात टॉर्क, टॉप स्पीड, एक्झॉस्टचा आवाज यातलं काहीही उपयोगाचं नसतं. उपयोगाचे असतात दोनच आकडे: गाडीचं वजन किती आणि सीट जमिनीपासून किती उंच.

नेमके हेच दोन आकडे कुणी विचारत नाही. आपल्याकडे गाडी दाखवली की पहिला प्रश्न "किती देते?" आणि दुसरा "किती सीसी?". पाय टेकतात का, हे फक्त मुलींना विचारतात, तेही खिजवायला.

जुलै २०२४. भूमकर चौकाच्या अलीकडे, पाऊस, ट्रॅफिक थांबलेलं. रस्ता डावीकडे उतरता आणि डाव्या पायाखाली खडी. पाय सरकला. गाडी दहा-बारा अंश कलेपर्यंत माणूस सावरतो, त्यापुढे गाडी ठरवते. ती डाव्या अंगाला आली आणि माझा घोटा खाली अडकला. मागे बस होती. तिच्या ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून मी हे लिहितोय, नाहीतर विषय संपला होता. मला गाडी उचलता आली नाही, हलवताही आली नाही. एक डिलिव्हरीवाला आणि एक रिक्षावाले काका यांनी मिळून उचलली. वेग किती होता? शून्य. उभ्या गाडीने मला पाडलं.

पाच आठवडे क्रेप बँडेज. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी फोटो टाकला तर पहिला रिप्लाय काय असावा? "गाडीला काही झालं नाही ना?" दुसरा: "जिम लाव भाऊ." :)

हा जिमवाला युक्तिवाद मला सगळ्यात जास्त डोक्यात जातो. म्हणजे मी दोन लाखांची वस्तू विकत घ्यायची आणि मग तिच्या लायक व्हायला शरीर घडवायचं. तुमच्या मॅनेजरने असं सॉफ्टवेअर आणलं की जे वापरायला प्रत्येकाने आधी दंड मारले पाहिजेत, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? मोटरसायकलच्या बाबतीत मात्र आपल्याला हे मर्दानी वाटतं.

कंपन्यांनी स्वतः छापलेले आकडे घ्या. रॉयल एनफिल्ड मीटिऑर ३५० (२०२० सालची) १९१ किलो, सीट ७६५ मिलिमीटरवर. त्याच वर्षीची होंडा हायनेस १८१ किलो, सीट ८०० मिमी. बजाज ॲव्हेंजर २२० क्रूझ, बीएस-६: १६३ किलो, सीट ७३७ मिमी. त्याआधीच्या बीएस-४ ॲव्हेंजर आणखी हलक्या, दीडशे-पंचावन्नच्या घरात. मीटिऑर आणि जुनी ॲव्हेंजर यांच्यात पस्तीसेक किलोचा फरक पडतो. स्वयंपाकघरातला भरलेला गॅस सिलिंडर तिसाच्या आसपास भरतो. म्हणजे सिलिंडर मागे बांधून, वर काही किलोंची पिशवी अडकवून रोज वाकडचा पूल उतरायचा. कशासाठी? तर सिग्नलला शेजारचा वळून बघतो म्हणून.

मीटिऑर वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. सहा फुटी माणूस, रोज मोकळा रस्ता, जरूर घ्या. मोकळ्या रस्त्यावर ते वजन गाडी बसवून ठेवतं, वाऱ्याला दाद देत नाही, हे मीही अनुभवलंय. पण ते सुख आपल्या वाट्याला वर्षातून दहा दिवस. यूट्यूबवरचे परीक्षक ज्या वेगात गाडी तपासतात त्या वेगाला आपल्याला मोकळा रस्ता कुठे आहे? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर तर दुचाकीला मुळात बंदी आहे.

"मग ॲक्टिव्हा घे ना!" हाही एक ठरलेला टोला. खरं सांगू? ज्यांना जमतं त्यांनी घ्यावी, यात टोला कसला. मला जमत नाही, कारण मागचं चाक दहा इंची आणि हायवेच्या सर्व्हिस रोडवरचे खड्डे त्याहून मोठ्या मनाचे. कंबर बोलायला लागते. आमच्या टीममधल्या पाच फुटांच्या एकीला सगळ्यांनी "तुझ्यासाठी स्कूटीच बरी" म्हणून ऐकवलं होतं. ती तीन वर्षं ॲव्हेंजर चालवतेय आणि तिनेच मला पहिल्यांदा स्वतःच्या गाडीवर बसवून "दोन्ही पाय पूर्ण टेकव" म्हटलं. टाचांसकट टेकले! चौदा महिन्यांत पहिल्यांदा. शब्दशः जमिनीवर आलो.

आता माझ्याच बाजूविरुद्ध बोलतो, नाहीतर ही जाहिरात व्हायची. क्रूझर म्हणजे आपोआप आराम, ही शुद्ध थाप आहे. पाय पुढे ठेवून बसलं की स्पीड ब्रेकरवर बूड उचलता येत नाही, आणि सगळा दणका सरळ मणक्यात जातो. साध्या कम्यूटर बाइकवर आपण नकळत पायांवर उभे राहतो, तेच इथे बंद. त्यामुळे खड्डा दिसला की वेग कमी करणे, याला पर्याय नाही. व्हीलबेस लांब म्हणून यू-टर्नला दोन दमात वळावं लागतं. आणि क्रूझ मॉडेलचा तो उंच हँडल अन् पुढची काच फोटोत छान दिसते, पण दोन बसच्या फटीतून निघायचं तर सरळ हँडलची स्ट्रीट बरी. मी तीच घेतली. आरामाचा खरा भाग कुठला तर पाठ सरळ राहते, मनगटावर भार येत नाही आणि थांबल्यावर छाती धडधडत नाही. हे तिसरं कुठल्याच स्पेसिफिकेशनमध्ये लिहीत नाहीत.

सेकंडहँड का? बाबांचंही हेच. "दुसऱ्याचं दुखणं विकत कशाला आणतोस?" बाबा, नव्या गाडीचं दुखणं हप्त्यांनी येतं. जड गाडी विकताना साठ हजारांचा फटका बसला, वर व्याज वेगळं. ॲव्हेंजर २०१९ ची, पाच वर्षांची, मालक एकच, मला बासष्ट हजारांना पडली. बीएस-४, कार्बोरेटरवाली, पण एबीएससकट, कारण एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वर तो सक्तीचा झाला. यातलं इंजिन पल्सरच्या घराण्यातलं. २००१ मध्ये कावासाकी-बजाज एलिमिनेटर आली तेव्हा १७५ सीसीचं कावासाकी इंजिन होतं, २००५ च्या ॲव्हेंजरपासून पल्सरचं आलं, आणि क्रूझरच्या दिमाखाची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. पल्सर ज्याला दुरुस्त करता येत नाही असा मेकॅनिक पुण्यात दुकान उघडूच शकत नाही.

घेताना काय बघितलं ते सांगतो. आधी फोन करून "स्टार्ट करून ठेवू नका" म्हटलं आणि पोचल्यावर इंजिनला हात लावला, गार होतं. पहिल्याने गरम केली होती, तिथूनच परत फिरलो. पुढच्या शॉकअपचं ऑइल गळतंय का, हँडल हळू फिरवताना मध्येच अडकतो का (कोनसेट गेलेला असतो), लिव्हरची टोकं आणि फूटरेस्ट घासलेत का. घासलेले असले की गाडी पडलीय, मालक काहीही म्हणो. टायरवर चार आकडी कोड असतो, आठवडा आणि वर्ष. माझा मागचा गाडीच्याच वयाचा निघाला, तेवढे पैसे तोडले. चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, जुनी चलानं मालकाकडून भरून घ्या, आणि इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. पंधरा वर्षं पूर्ण होत आलेली स्वस्त ॲव्हेंजर मोहात पाडेल, पण मग पुन्हा रजिस्ट्रेशनच्या फेऱ्या.

तक्रारी आहेतच. थंडीत चोक ओढून दोन मिनिटं थांबावं लागतं. ई-२० पेट्रोल डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली ही गाडी नाही, म्हणून मेकॅनिकने रबरी पाइप दर सर्व्हिसिंगला बघायला सांगितलेत. बायको म्हणते मागची सीट ताम्हिणीपर्यंत ठीक, पुढे नाही.

माझी जुनी गाडी टीममधल्याच एकाने घेतली. उंची माझ्याएवढीच. विकताना मी त्याला भूमकर चौकाची सगळी गोष्ट सांगितली, घोटा दाखवला, ॲव्हेंजरवर बसवून बघितलं. म्हणाला, "गाडी मस्त आहे रे, पण लोक काय म्हणतील?" परवा सकाळी वाकडला तो माझ्या पुढे होता. पाऊस होता, आणि त्याचा डावा पाय टोकावर उभा होता.