भिंतीवरचे फोटो पाहायला जाताना

"फोटो बघायला एवढं पुण्याला कशाला जायचं? घरात लग्नाचे अल्बम आहेत की!" खुटबावसारख्या गावातून छायाचित्रांचं प्रदर्शन पाहायला निघालेल्या बाईला हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. आता तर मोबाइलमध्येही हजारभर फोटो पडून असतात. पण मैत्रिणींनो, ते आपण बोटानं सरकवतो, पाहत नाही. प्रदर्शनात एकेका फोटोपुढे उभं राहावं लागतं. फरक आहे तो इथेच.

जाणं काही अवघड नाही. सकाळच्या गाडीनं पुणे स्टेशन गाठायचं, तिथून मेट्रोनं छत्रपती संभाजी उद्यान. बालगंधर्व रंगमंदिर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९६८ साली सुरू झालेल्या या रंगमंदिरातच कलादालन आहे. जवळच घोले रोडवर राजा रविवर्मा कलादालन आहे. बहुतेक प्रदर्शनांना तिकीट नसतं, पण ती दोन-चार दिवसांतच उतरतात. म्हणून वर्तमानपत्रातलं 'आजचे कार्यक्रम' वाचूनच बेत ठरवावा. माहेरी किंवा लग्नाकार्याला मुंबईला गेलात, तर काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी चुकवू नका. ती १९५२ पासून सर्वांना खुली आहे.

खरी अडचण असते ती मनातली. "आपल्याला त्यातलं काय कळतंय?" म्हणून आपण दारातूनच मागे फिरतो. मागे मी सासूबाईंना बरोबर नेलं होतं. खेड्यातल्या जीवनावरचं प्रदर्शन होतं. एका मोठ्या फोटोत चुलीपुढे बसलेली हसरी बाई होती. सगळे "वा, वा" म्हणत पुढे जात होते. सासूबाई मात्र थांबल्या. म्हणाल्या, "हिला फोटोसाठी बसवलीय गं. चूल धगधगतीय आन् हिच्या पदराला राख नाही, कपाळाला घाम नाही." पुढच्या एका लहानशा फोटोत पाठमोरी बाई भाकरी थापत होती, तोंड दिसतच नव्हतं. तिथं त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. "ही खरी. हिचा खांदा दुखतोय बघ."

सांगा, हे परीक्षण नव्हे तर काय? चाळीस वर्षं चुलीपुढे काढलेल्या डोळ्यांना खरं-खोटं लगेच कळतं. आजचे छायाचित्रकार नुसते सुंदर देखावे टिपत नाहीत. रिकामी खुर्ची, पसरलेलं अंथरूण, थकलेले हात हेही ते टिपतात. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जिणं कृष्णधवल छायाचित्रांत टिपलं. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण नाकाला पदर लावून ज्यांच्यापासून दूर सरकतो, त्यांच्यापुढे अशा फोटोंमुळे थांबावं लागतं. पुढं घंटागाडी दारात आली की माणूसही दिसतो.

परतताना गाडीत सासूबाई हळूच म्हणाल्या, "माझा एकटीचा एकपण फोटो नाही बघ घरात." घरी येऊन मी अल्बम काढले. बारसं, मुंज, लग्न, सत्यनारायण. सगळीकडे त्या होत्या, पण मागच्या रांगेत, अर्ध्या खांद्याआड.

बाईनं मागं राहायचं ही रीत कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूलाही होती. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते पती माणेकशॉ यांच्या नावानं! पुढं स्वातंत्र्याच्या काळातले प्रसंग त्यांनी टिपले, १९७० साली कॅमेरा बाजूला ठेवला, आणि पद्मविभूषण मिळालं २०११ साली.

दुसरं उदाहरण आपल्याला अधिक जवळचं आहे. दयानिता सिंग यांना २०२२ साली हासेलब्लाड हा मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्या आई नोनी सिंग यांनाही फोटोंचा नाद. विषय कोणते? बहिणी, लेकी, घरचीच माणसं. २०१३ साली त्या घरगुती फोटोंचं पुस्तक निघालं. घरातलं रोजचं जगणं असं जगापुढं मांडण्याजोगं असतं.

तेव्हा प्रदर्शनाला जाल तेव्हा घाई करू नका. शंभर फोटोंपुढून चालत जाण्यापेक्षा पाचच नीट पाहा. आधी फोटो पाहा, खालची पाटी नंतर वाचा. फोटोच्या कडेला कोण आहे, कोण फोटोत आलेलंच नाही, हे स्वतःला विचारा. छायाचित्रकार तिथं असतील तर न लाजता मराठीतूनच प्रश्न विचारा. शक्य असेल तर घरातल्या एखाद्या थोर बाईला बरोबर न्या.

आणि घरी आल्यावर जुने फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर सावकाश सोडवून साध्या कागदाच्या अल्बममध्ये लावा. चिकटलेलेच असतील तर ओढू नका. मागं मऊ पेन्सिलीनं नाव आणि साल लिहा, बॉलपेननं नको. त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. सासूबाईंचा, आईचा एकटीचा एक फोटो काढा. नटवून नव्हे, कामात असतानाच. आणि मैत्रिणींनो, स्वतःचाही एक काढून घ्या बरं का!