रंगाची संपूर्णता आणि हिंदी चित्रपटाचा प्रेक्षक

वाङ्मयाच्या अभ्यासात ‘वाचक’ ही संकल्पना आता चांगलीच स्थिरावली आहे. आस्वादप्रक्रियेच्या चर्चेपासून वाचकप्रतिसादाच्या सिद्धांतापर्यंत मराठी समीक्षेने तिचा अनेक अंगांनी विचार केला. चित्रपटाच्या प्रेक्षकाला हे भाग्य लाभलेले नाही. कादंबरीवरून चित्रपट निघाला की कथानकातील काय गाळले आणि काय वाढवले याची तुलना होते. मात्र चित्रपटगृहाच्या अंधारात शेकडो अनोळखी माणसे एकत्र बसून काय अनुभवतात, हा प्रश्न समाजशास्त्राचा म्हणून बाजूला सारला जातो. गेल्या दोन-तीन वर्षांतील हिंदी चित्रपट पाहता ही उपेक्षा योग्य म्हणता येणार नाही. प्रेक्षकाचा प्रतिसाद हा या चित्रपटांच्या रचनेचाच भाग झाला आहे.

भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’ने हा प्रश्न फार पूर्वीच हाताळला आहे. सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचे दोन प्रकार सांगितले आहेत. प्रेक्षकांचे स्मित, हास्य, वाहवा, हळहळ, अंगावर उठणारे रोमांच, भारावून उठून उभे राहणे यांतून व्यक्त होते ती मानुषी सिद्धी. जेथे शब्द नाही, क्षोभ नाही आणि रंगस्थान पूर्ण भरलेले आहे, तेथे दैवी सिद्धी. सर्व प्रेक्षक एकाच रुचीचे असतील अशी भरताची अपेक्षा नाही. तरुणांना शृंगार, शूरांना वीर आणि रौद्र, वृद्धांना पुराणकथा रुचतात, हे त्याने मान्य केले आहे. भिन्न रुचीचा समूह एका छताखाली आणणे हे नाट्याचे सामर्थ्य आणि त्या समूहाला निःशब्द करणे ही त्याची परमावधी, असे या विवेचनातून सूचित होते.

या निकषावर अलीकडचे मोठे हिंदी चित्रपट पाहिले म्हणजे एक गोष्ट ठळकपणे जाणवते. मानुषी सिद्धी आता प्रेक्षकावर सोपवलेली नसते, ती पटकथेतच लिहिलेली असते. ‘पठान’ आणि ‘जवान’ या २०२३ च्या दोन्ही चित्रपटांत नायकाचा प्रवेश मंदगतीने होतो, पार्श्वसंगीत टिपेला जाते आणि शिट्ट्यांसाठी जागा मोकळी सोडलेली असते. प्रेक्षक शिट्टी वाजवतो, पण ती वाजवण्याची आज्ञा पडद्यावरून आलेली असते. हे तंत्र केवळ हीन ठरवणेही अन्यायाचे होईल. ‘जवान’च्या उत्तरार्धात नायक थेट कॅमेऱ्याकडे पाहून मतदाराशी बोलतो. मत मागणाऱ्याला प्रश्न विचारा, असे सांगतो. इतका वेळ टाळ्या घेणारा नायक येथे प्रेक्षकाला नागरिक म्हणून संबोधतो. करमणूक आणि आवाहन यांची अशी सरमिसळ हिंदी चित्रपटाच्या परंपरेला धरूनच आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे उदाहरण ‘छावा’चे आहे. शिवाजी सावंत यांची कादंबरी १९७९ ची. लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित हिंदी चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. महाराष्ट्रातील प्रेक्षकाला शेवट आधीच ठाऊक होता. त्यामुळे त्याच्या ठायी उत्कंठा नव्हती, येणाऱ्या दुःखाची प्रतीक्षा होती. अखेरच्या छळाच्या दृश्यात अनेक चित्रपटगृहांत हुंदके ऐकू आले आणि चित्रपट संपताच घोषणाही झाल्या. कादंबरीचा वाचक हेच दुःख एकट्याने, पुस्तक मिटून, स्वतःच्या गतीने पचवतो. चित्रपटगृहातील प्रेक्षकाला तेवढी उसंत नसते. छळाचे दृश्य लांबत जाते, संगीत त्यावर आरूढ होते आणि करुणाचे रौद्रात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. नागपुरात १७ मार्च २०२५ रोजी हिंसाचार उसळला, त्यानंतर विधिमंडळातही या चित्रपटाचा उल्लेख झाला. हिंसाचाराची कारणे एका चित्रपटात शोधणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र रंगस्थानात जागा झालेला भाव दाराबाहेर पडताना कोणते रूप घेतो, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने टाळण्याजोगा नाही. साधारणीकरणाच्या सिद्धांतात रसिक स्वतःच्या ‘मी’पासून क्षणभर सुटतो. येथे तो एका मोठ्या, समूहाच्या ‘मी’शी अधिकच घट्ट बांधला जातो. या दोन अवस्था एकच मानणे ही समीक्षेची चूक होईल.

प्रतिसादाच्या स्वरूपात आणखी एक बदल झाला आहे. ‘छावा’च्या वेळी आणि पुन्हा जुलै २०२५ मधील ‘सैयारा’च्या वेळी रडणाऱ्या प्रेक्षकांची चित्रणे भ्रमणध्वनीवरून सर्वत्र पसरली. अंधार ही चित्रपटगृहाने प्रेक्षकाला दिलेली मुभा होती. शेजाऱ्याला न दिसता तेथे डोळे पुसता येत. आता अश्रूंनाही साक्षीदार लागतो. अश्रू खोटे असतात असे नव्हे, परंतु रसिक स्वतःच प्रयोगाचा नट होऊ लागला आहे.

आता ‘रंगाची संपूर्णता’. दिल्लीतील साकेत येथे १९९७ मध्ये ‘पीव्हीआर अनुपम’ सुरू झाले आणि भारतात बहुपडदा चित्रपटगृहांचे युग आले. त्यापूर्वीच्या एकपडदा गृहात पुढच्या रांगेतील हमाल आणि बाल्कनीतील वकील एकाच विनोदाला हसत. या स्मृतीचे उदात्तीकरण करू नये. तेथेही तिकिटाच्या दराने माणसांची प्रतवारी होत असे, काळा बाजार चाले आणि एकट्या स्त्रीला सुरक्षित वाटेलच याची खात्री नसे. बहुपडदा गृहाने स्वच्छता आणि सुरक्षितता दिली, छोट्या चित्रपटांना छोटी दालने दिली, हे नाकारता येत नाही. पण पूर्वीची प्रतवारी दाराच्या आत होती, आजची दाराबाहेरच होते. ज्याला तिकीट परवडत नाही तो पुढच्या रांगेत नसतो, तो गृहातच नसतो. भरताला अभिप्रेत असलेला भिन्न रुचीचा समूह त्यामुळे विरळ झाला आहे.

याच काळात ‘लापता लेडीज’सारखा चित्रपटही आला. मार्च २०२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाला चित्रपटगृहापेक्षा घरच्या पडद्यावर कितीतरी मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला. छाया कदम यांची मंजूमाई रेल्वेस्थानकावरील चहाच्या टपरीवर बसून बायकांच्या फसवणुकीविषयी जे बोलते, त्याला पार्श्वसंगीताची फुंकर नाही लागत. ते घरीही पोहोचते. मात्र घरी हसणारी स्त्री एकटीच हसते. आपल्या मागच्या रांगेतही कुणी त्याच वाक्याला हसले, हे तिला कळत नाही आणि त्या कळण्यातून मिळणारे बळही लाभत नाही. ‘तुंबाड’ २०१८ मध्ये फारसा चालला नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई केली. घरी सहज उपलब्ध असलेली कलाकृती पाहण्यासाठी माणसे पैसे खर्चून बाहेर पडली, याचा अर्थ एवढाच की, त्यांना चित्रपटाबरोबर इतर प्रेक्षकही हवे होते.

पदव्युत्तर वर्गात रूपांतराचा अभ्यास शिकवताना कादंबरी आणि पटकथा यांच्या जोडीला ही तिसरी संहिता, म्हणजे भरलेले वा रिकामे प्रेक्षागृह, वाचण्याची सवय लावली पाहिजे. विद्यार्थ्याने चित्रपट घरी पाहिला की गृहात, कोणत्या गावी, कोणत्या दराच्या आसनावर, भोवतालचे लोक कुठे बोलले आणि कुठे गप्प झाले, याची नोंद प्रबंधात गैरलागू मानण्याचे कारण नाही. टाळ्यांची जागा पटकथाकार ठरवू शकतो. शांततेची जागा मात्र अजूनही प्रेक्षकच ठरवतो. हिंदी चित्रपटाचे मूल्यमापन त्या शांततेपासून सुरू झाले, तर भरताच्या दोन सिद्धींमधील अंतर आजच्या विद्यार्थ्याला अनुभवाने कळेल.