बॅकग्राउंड कुणी काढत नसतं

‘बॅकग्राउंड काढून द्या’ या वाक्याशी माझं भांडण आहे. मोर्शीत डीटीपीचं दुकान चालवतो, त्यामुळे दिवसातून दहादा तरी ते ऐकतो. त्याला जोडून ठरलेली पुरवणी येते: ‘दोन मिन्टाचं तं काम हाय भाऊ, त्याचे काय पैसे घेता!’ फ्लेक्सचे पैसे लोक चौरस फुटाने देतात, लग्नपत्रिकेचे शेकड्याने, पेपरातल्या जाहिरातीचे चौरस सेंटिमीटरने. माणसाला त्याच्यामागच्या भिंतीपासून वेगळं करायचं काम मात्र दुकानातल्या चहासारखं, आलात की फुकट.

आता तर फोनमधल्या फोटोवर बोट दाबून धरलं की आतला माणूस अलगद उचलून येतो. आयफोनमध्ये ही सोय २०२२ साली आयओएस १६ सोबत आली. बाकीच्या फोनांसाठी ॲप ढिगाने आहेत. मित्राचं स्टिकर करून ग्रुपवर टाकायला झकास. माझा आक्षेप तोच उचललेला तुकडा व्हॉट्सॲपवर पाठवून ‘हा छापून टाका’ म्हणण्याला आहे.

आधी हे समजून घ्या की छपाईसाठी नीट तयार केलेल्या फोटोत बॅकग्राउंड काढलेलं नसतंच. पेन टूलने मी माणसाच्या कडेकडेने एक रेषा ओढतो. तिला क्लिपिंग पाथ म्हणतात. फाइलमध्ये छपाई यंत्रणेला एवढाच निरोप असतो की या रेषेच्या आतलं छाप, बाहेरचं सोड. भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर, खुंटीला टांगलेली पिशवी, सगळं फाइलमध्ये जागच्या जागी असतं, फक्त झाकलेलं. पुढच्या वर्षी घरच्यांना वाटलं की फोटो मागच्या घरासकट हवा, तर तो तसाच मिळतो. ॲप जे परत देतं त्यात घर नसतं. मूळ फोटो दरम्यान फोनमधून उडाला, तर ते घर कायमचं गेलं.

ही रेषा ओढणं म्हणजे चित्र गिरवणं नव्हे. दोन बिंदू ठेवायचे, त्यांना फुटलेल्या दांड्या ओढून मधली वक्ररेषा बसवायची. या रेषेमागचं गणित फ्रान्समधल्या मोटार कारखान्यांत पक्कं झालं: सित्रोएनमध्ये द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये पियेर बेझिए, दोघंही गाडीच्या पत्र्याचा बाक कागदावर कसा पकडायचा या विवंचनेत होते. १९८७च्या इलस्ट्रेटरमधून ती रेषा छपाईवाल्यांच्या हाती आली. गणित त्यांचं, पण बिंदू कुठे ठेवायचा हे अजून बघणाऱ्यालाच ठरवावं लागतं. रेषा खऱ्या कडेच्या एकदोन पिक्सेल आतून न्यायची, नाहीतर छापल्यावर माणसाभोवती भिंतीच्या रंगाची किनार उमटते. कान आणि मानेमधली फट, चष्म्याची काडी, टोपीचं टोक इथे दमाने जायचं. सुटे केस मात्र पाथने कापायचेच नाहीत, तिथे मास्क लागतो. पेनने केस कापले की माणूस हेल्मेट घातल्यासारखा दिसतो. त्यातही पेपरच्या कागदावर शाई पसरते, बारीक बट तशीही मरते. म्हणून पेपरसाठी एक कड, गुळगुळीत पत्रिकेसाठी दुसरी. एकाच फोटोच्या दोन कडा असू शकतात, हे ‘दोन मिन्टाचं काम’ म्हणणाऱ्याला कोण सांगणार?

आता मुख्य दुखणं. आमच्याकडे गावातल्या बहुतेक माणसांचा फोटो पेपरात आयुष्यात एकदाच येतो, आणि तेव्हा ते तो बघायला नसतात. श्रद्धांजलीची जाहिरात. एका आजीचा असा फोटो मी पेपरात पाहिला. पांढरं लुगडं, मागे चुन्याची भिंत. नातवाने ॲपवर कापून फोटो परस्पर जाहिरातीला दिला होता. ॲपला पदर आणि भिंत एकच वाटली, त्याने केसांच्या रेषेवर कापलं. जी बाई दारात पोस्टमन आला तरी डोक्यावर पदर घेतल्याशिवाय उठली नाही, ती सगळ्या जिल्ह्यासमोर उघड्या डोक्याने छापली गेली. पोरगा दिवसभर म्हणत होता, ‘मले मोबाइलवर तं बरोबर दिसलं.’ त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. मोबाइलच्या उजेडात ते बरोबरच दिसतं. पण तो पदर आहे हे त्या घरातल्या कुणालाही माहीत होतं, आणि विचारायची वेळच त्या बटणाने ठेवली नाही. हाताने पाथ ओढणारा तिथे अडतो. भिंत कुठे संपते कळत नाही, म्हणून तो घरच्यांना फोन करतो.

दुसरी गोष्ट लग्नातल्या ग्रुप फोटोची. बाबांचा वेगळा फोटोच नसतो, असतो तो कुणाच्या तरी लग्नात सातआठ जणांत उभा राहून काढलेला. त्यातून बाबा वेगळे काढायचे, तर खांद्यावर दुसऱ्याचा हात उरतो. ॲप हात बाबांचाच समजून ठेवतं, किंवा खांद्यासकट उडवतं. आता काही ॲप त्याजागी मनाने नवा खांदा भरून देतात, जो कधी कुणाचा नव्हता. मी आधी विचारतो, हात कुणाचा? एकदा उत्तर आलं, ‘मोठ्या काकाचा, राहू द्या.’ तो हात मी मनगटापर्यंत ठेवला. विचित्र दिसलं, कबूल. घरच्यांना तसंच हवं होतं.

माणसांचं सोडा, संत्र्याचं घ्या. मोर्शी-वरूडच्या पट्ट्यात पेटीवरच्या लेबलासाठी संत्र्याचा फोटो लागतोच. ॲप देठ आणि पान कापतं, खालची सावली पुसतं. मग संत्रा हवेत तरंगतो, प्लास्टिकच्या चेंडूसारखा. पानासकट कापलेला ताजा दिसतो, आणि ताजेपणाच तर विकायचा असतो. गंमत बघा, आमचा संत्रा वर्षानुवर्षं बांगलादेशात जातो, तिथे आयात शुल्क वाढलं की इथे बागेतला सौदा बसतो. आणि जगभरच्या कॅटलॉगांतल्या चपला-घड्याळांच्या कडा ढाक्यातली पोरं रात्रपाळीत कापतात, एका फोटोला डॉलरपेक्षाही कमी भावात. म्हणजे या कामाला पैसे पडतात हे जगाला ठाऊक आहे. माहीत नाही ते आमच्या गिऱ्हाइकाला.

‘यंत्र सुधारेल’, असं तुम्ही म्हणाल. सुधारलंय. शंभर पाण्याच्या बाटल्यांचे फोटो असतील तर मी स्वतः बटण दाबतो आणि जेवायला जातो. बाटलीची कड बाटलीलाच ठाऊक असते. माणसाच्या बाबतीत कड कुठे, हा प्रश्न पिक्सेलचा कमी आणि घरचा जास्त असतो. काठी आजोबांची की फोटोग्राफरने टेकायला दिलेली? मांडीवरचं पोर ठेवायचं की नाही? हे विचारणं, ऐकणं आणि मग रेषा ओढणं, एवढ्याचे मी पैसे मागतो.

म्हणून दुकानात आता पाटी आहे: साधी कड ३० रुपये, पदर, केस किंवा दुसऱ्याचा हात असेल तर ८०. वाढदिवसाच्या फ्लेक्सवाले कार्यकर्ते पाटी वाचून हसतात, शेजारच्या दुकानात जातात, आणि चौकात साहेबांचा एक कान नसलेला फ्लेक्स लागतो. जाऊ देत. तुम्ही आलात तर फोटो ॲपवर कापून आणू नका, स्क्रीनशॉट तर नकोच. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दबणार नाही. अल्बममधला असेल तर अल्बमच घेऊन या. आणि सोबत असं कुणीतरी आणा, ज्याने त्या माणसाला पाहिलंय.