‘एवढ्याशाने काय होतंय?’

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सहा वर्षांच्या एका मुलाला खांद्यावर टाकून त्याचे वडील दवाखान्यात धावत आले. ओठ सुजलेले, अंगभर गांधी, श्वासाला घरघर. मुलाला शेंगदाणे चालत नाहीत हे घरात ठाऊक होते. शेजारी तिळगुळाचा लाडू मिळाला, त्यात दाण्याचा कूट होता. आजींना वाटले पित्त उठले. त्यांनी आमसुलाचे पाणी अंगाला लावले. अर्धा तास त्यात गेला. मांडीत ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन दिले तेव्हा मूल सावरले. मग रात्रभर देखरेखीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवले.

आजींना मी दोष देत नाही. आमच्या पिढीने ॲलर्जी म्हणजे धूळ आणि शिंका एवढेच ऐकले. दोष आहे तो ‘एवढ्याशाने काय होतंय?’ या वाक्याचा. खरी ॲलर्जी असलेल्या मुलाला चिमूटभर कूटही पुरतो. सवय व्हावी म्हणून घरच्या घरी चाखवणे हा जिवाशी खेळ आहे. याउलट, अंगावर एक पुरळ दिसताच दूध, अंडी, डाळी सारे बंद करणारे पालकही भेटतात. तेही चूकच, आधी तपासून घ्या.

आपल्या स्वयंपाकात कूट कुठे नसतो? खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, चटणी. खिचडीतला डाव तसाच आमटीत जातो! कुटाचा डबा आणि चमचा वेगळा ठेवा, मुलाचे ताट आधी वाढा. बंद पुड्यावर शेंगदाण्याचा उल्लेख २०२० च्या नियमांनी सक्तीचा केला आहे. सुट्या फरसाणावर मात्र काय वाचणार? ते नकोच. शाळेत बाईंना चिठ्ठी लिहून द्या. आणि मुलाच्या खिशात नुसत्या तिळाचा घरचा लाडू असू द्या, म्हणजे चारचौघांत ते हिरमुसणार नाही.

जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, धाप लागली, उलट्या किंवा ग्लानी आली, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. ॲलर्जीची गोळी खाज कमी करते, जीव वाचवते ते ॲड्रिनॅलिन. मुलाला चालवू नका. आडवे ठेवा, धाप असेल तर बसू द्या. १०८ ला फोन करा आणि ‘ॲलर्जी, श्वासाचा त्रास’ हे शब्द आधी सांगा.