नुसतीच हवा!



आमच्या विंगमधल्या एकाने दोन महिन्यांच्या मेसचे पैसे घालून घरच्या टर्बो डिझेल गाडीला कोन फिल्टर बसवला. म्हणे, "सुसाट पळते रे!" माझं मत स्पष्ट आहे: पळत नाही, नुसती ओरडते.

बूस्ट किती ठेवायचा हे ईसीयू ठरवतो. स्वच्छ पेपर फिल्टरचा अडथळा मुळात थोडा. तो टर्बो जरा जास्त फिरून भरून काढतो. म्हणून कंपनीच्या ट्यूनिंगवर फायदा नगण्य. उलट उघडा कोन बॉनेटखालची गरम, विरळ हवा ओढतो. गाळणी नीट नसेल तर धूळ कॉम्प्रेसरची पाती आणि सिलिंडर झिजवते, ते वेगळंच.

बूस्ट वाढवून घेतला असेल तर मोठा फिल्टर लागू शकतो, मान्य. चोंदलेला तर बदलाच. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या २००९ च्या चाचण्यांत अशा फिल्टरने पिकअप कमी झालेला दिसला.

पण थर्मोडायनॅमिक्स आपण फक्त पेपरपुरतं शिकतो का? पैसे देण्याआधी डायनोवरचे आकडे मागा, आधीचे आणि नंतरचे.

आमचा हिरो सध्या माझ्या मॅगीवर जगतोय. त्याचा पिकअप मात्र नक्की घटलाय!